एका महिन्याचं एक मिनिट

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरात वीस दिवस एका वाटाण्याचं राज्य होतं. मागच्या खोलीच्या खिडकीचा पडदा उघडायचा नाही, पंखा लावायचा नाही, टेबलावरचा दिवा मालवायचा नाही, असे त्याचे कडक हुकूम होते. केर काढायला येणाऱ्या बाईंना टेबलाच्या आसपास झाडू फिरवायची बंदी होती. आमच्या सौ. एरवी घरातली एकही वस्तू आठवडाभर एका जागी राहू देत नाहीत. त्यांनीही या वाटाण्यापुढे हात टेकले होते.

कारण होतं सहावीतल्या नातीचं. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिला बी रुजताना दाखवायचं होतं. नुसतं चित्र काढून नव्हे, चांगलं हलतं, पडद्यावर! ठरावीक अंतरानं एकेक छायाचित्र घ्यायचं आणि ती सगळी भराभर एकापुढे एक दाखवायची, की दिवसांचे क्षण होतात. याला टाइम-लॅप्स म्हणतात, हे मला तिच्याकडूनच कळलं. कॅमेरा तिच्या आईचा, कुंडी आमची आणि राखणदार मी. निवृत्त माणसाला घरात याहून योग्य काम कुठलं असणार?

पहिल्या प्रयत्नाची फजिती सांगण्यासारखी आहे. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवला, फोकस करायचं काम त्याच्यावरच सोपवलं आणि आम्ही निर्धास्त झालो. चार दिवसांनी चित्रं पाहतो तो काय, एकात माती स्पष्ट, दुसऱ्यात मागची भिंत, तिसऱ्यात काहीच नाही! यंत्र बिचारं प्रत्येक वेळी नव्यानं विचार करत होतं, की या चौकटीत नेमकं पाहायचं तरी कशाकडे? ती चित्रं भराभर फिरवली, तेव्हा आमचा वाटाणा दम लागल्यासारखा धापा टाकताना दिसला.

मग नातीनं आणि मी शहाणपणानं सुरुवात केली. या कॅमेऱ्यांत लाइव्ह व्ह्यू नावाची सोय असते. भिंगातून आत येणारं दृश्य मागच्या छोट्या पडद्यावर जसंच्या तसं दिसतं आणि एक बटण दाबलं, की त्यातला हवा तो भाग दहापट मोठा होतो. तो मोठा करून फोकस हातानं जुळवायचा, मग भिंगावरची कळ फिरवून यंत्राची ढवळाढवळ बंद करायची आणि भिंगाचं कडं सरकू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावायची. प्रकाश किती घ्यायचा हेही एकदाच ठरवून टाकायचं. नाहीतर एक चित्र उजळ, दुसरं काळपट, आणि पडद्यावर नुसती फडफड. काम झालं, की मागचा पडदा बंद करायचा, कारण तो बॅटरी खातो.

खरी गंमत पुढेच आहे. फोकस मातीवर करून भागत नाही. कोंब आज जिथं नाहीच, पण आठ दिवसांनी जिथं असणार, तिथं तो करावा लागतो. म्हणून मातीत एक काडी खोचली, तिच्या टोकावर फोकस जुळवला आणि काडी काढून घेतली. कोंब थोडा पुढेमागे झुकला तरी चालावं, म्हणून भिंगाचं छिद्र लहान ठेवलं. समोर काहीही नसलेल्या जागेकडे कॅमेरा डोळे लावून बसला.

हे सगळं करताना माझ्या मनात एकच नाव घोळत होतं. धुंडिराज गोविंद फाळके. ‘राजा हरिश्चंद्र’ काढणारे दादासाहेब फाळके आपल्याला ठाऊक असतात. त्यांच्या नावाचा पुरस्कार कुणाला मिळाला, हेही आपण वाचतो. पण हरिश्चंद्राच्या आधी, १९१२ मध्ये, त्यांनी आपल्या कॅमेऱ्यासमोर पहिला नट उभा केला तो कुंडीतला एक वाटाणा होता, हे फारच थोड्यांच्या लक्षात असतं. त्या चित्रपटाचं नाव ‘अंकुराची वाढ’. लांबी जेमतेम एका मिनिटाच्या वर.

हा माणूस त्या वाटाण्यापर्यंत कसा पोचला, ही मोठी विलक्षण कहाणी आहे.

धुंडिराज यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. मुलानं पौरोहित्य करावं, शास्त्र पढावं, अशा परंपरेतलं घर. पण दाजीशास्त्री मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवायला आले आणि मुलासमोर एक निराळीच दुनिया उघडली. १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तिथून थोरल्या भावाबरोबर बडोद्याला गेले आणि तिथल्या कलाभवनात चित्रकला, छायाचित्रण, मुद्रण असं जे जे समोर आलं ते ते शिकत सुटले. १८९० मध्ये त्यांनी कॅमेरा घेतला. रतलामला जाऊन तीन रंगांच्या ब्लॉकचं काम शिकले. एवढ्यावर न थांबता एका परदेशी जादूगाराकडून हातचलाखी शिकले आणि पुढे जादूचे प्रयोगही करू लागले. आडनाव उलटं करून त्यांनी स्वतःचं बारसं केलं होतं, प्रोफेसर केळफा!

हे वाचताना माणूस हरहुन्नरी वाटतो, आणि होताच. पण आयुष्यानं त्यांना सुखासुखी काही दिलं नाही. गोध्र्याला त्यांनी फोटो काढण्याचा व्यवसाय थाटला, तर प्लेगनं पत्नी आणि मूल दोन्ही हिरावून नेलं. बडोद्याला परत येऊन पुन्हा स्टुडिओ काढला, तर फोटो काढला की माणसाची शक्ती जाते, आयुष्य कमी होतं, अशा समजुतीपायी गिऱ्हाईक फिरकेना. १९०२ मध्ये त्यांनी दुसरा विवाह केला. किर्लोस्कर नाटक मंडळीशी नातं असलेल्या घरातल्या गिरिजा करंदीकर या सासरी सरस्वतीबाई झाल्या. पुढच्या सगळ्या कथेत ही बाई नवऱ्याच्या मागे नाही, बरोबरीनं उभी दिसते.

१९०३ मध्ये फाळके सरकारच्या पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार म्हणून लागले. सरकारी नोकरी म्हणजे त्या काळी जन्माचं कल्याण. पण स्वदेशीचं वारं वाहू लागलं आणि त्यांनी ती सोडली. लोणावळ्याला छापखाना काढला, राजा रविवर्म्याच्या छापखान्याचं काम केलं. मग दादरला लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स उभं राहिलं. रंगीत छपाईची यंत्रं आणायला १९०९ मध्ये ते जर्मनीला जाऊन आले. धंद्याची भरभराट झाली आणि नेमकं तेव्हाच भागीदाराशी बिनसलं. फाळके नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडावं तसे बाहेर पडले. चाळिशी उलटलेली, पोराबाळांचा संसार, हातात काम नाही.

अशा दिवसांत, १९११ च्या सुमारास, गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर येशू चालत होता आणि फाळक्यांना मात्र राम आणि कृष्ण दिसू लागले. घरी आल्यावर सरस्वतीबाईंनाही घेऊन ते पुन्हा तिथं गेले. आपले देव, आपली माणसं या पडद्यावर कधी येणार, या एका विचारानं त्यांना झपाटलं.

झपाटणं म्हणजे किती, तर रोज चार-पाच तास चित्रपट पाहायचे, उरलेल्या वेळात पुस्तकं आणि सूचिपत्रं चाळायची आणि घरी येऊन प्रयोग करत बसायचं. झोप जवळजवळ नाहीच. आणि मग व्हायचं तेच झालं. डोळे गेले. काही काळ त्यांना दिसेनासंच झालं. डॉ. प्रभाकर यांनी उपचार केले, निरनिराळ्या नंबरांचे तीन-चार चष्मे दिले, विश्रांतीची सक्ती केली, तेव्हा कुठे दृष्टी परतली.

इथं मी थोडा थांबतो. माझ्या स्वतःच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, हे मला त्या वेळी दोन वर्षं ठाऊक होतं. डॉक्टर शस्त्रक्रियेची तारीख विचारत होते आणि मी दिवाळी, लग्नसराई, पावसाळा अशी कारणं पुढे करत होतो. खरं सांगायचं तर मी भीत होतो. लाइव्ह व्ह्यूच्या पडद्यावर काडीचं टोक दहापट मोठं करूनही ते मला धुरकट दिसत होतं. फोकस शेवटी नातीनं जुळवला. आणि शंभर वर्षांपूर्वी एक माणूस, जेमतेम वाचलेल्या डोळ्यांनी, यापेक्षा कितीतरी अवघड कामाला निघाला होता!

कारण दृष्टी परतताच फाळक्यांनी काय केलं? बारा हजारांची विमा पॉलिसी गहाण टाकली, दहा हजार रुपये उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनला जाणारी बोट पकडली. लंडनमध्ये त्यांच्या ओळखीचं कुणी नव्हतं. ‘बायोस्कोप’ नावाच्या साप्ताहिकाची पाटी पाहून ते थेट त्याचे संपादक कॅबोर्न यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. कॅबोर्न यांनी आधी त्यांना या धंद्यातले खाचखळगे दाखवून परावृत्त करायचा प्रयत्न केला. पण समोरचा माणूस ऐकणारा नाही हे पाहून ते मदतीला लागले. त्यांनी फाळक्यांना वॉल्टनच्या स्टुडिओत सेसिल हेपवर्थ यांच्याकडे नेलं. तिथं फाळक्यांना चित्रपट कसा बनतो हे डोळ्यांनी पाहता आलं. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, कोऱ्या फिल्मला कडेची भोकं पाडायचं यंत्र आणि फिल्म यांची मागणी नोंदवून ते एप्रिलमध्ये परत आले. सामान मागाहून, मे महिन्यात येऊन पोचलं.

आता पैसा संपला होता. चित्रपट काढायचा तर भांडवल हवं आणि ते देणाऱ्या माणसांना तर चित्रपट इथं, हिंदुस्थानात, आपल्या माणसाच्या हातून निघू शकतो यावरच विश्वास नव्हता. त्यांना काहीतरी करून दाखवायला हवं होतं. नट आणायचे तर पगार, पोशाख, पडदे. फाळक्यांनी अशी वस्तू निवडली, जी पगार मागत नाही, रुसत नाही आणि पेरली की आपलं काम चोख करते. एका कुंडीत त्यांनी वाटाणा पेरला आणि समोर कॅमेरा रोवला.

रोज एक याप्रमाणे महिनाभर चित्रं घेतली आणि मिनिटभराचा चित्रपट झाला, अशी ही गोष्ट साधारणपणे सांगितली जाते. मीही ती तशीच ऐकत आलो होतो. पण आता स्वतःच वाटाण्याचा राखणदार झाल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. मूकपटांच्या काळी पडद्यावर सेकंदाला साधारण सोळा चित्रं फिरत. रोज एक चित्र म्हणजे महिन्याची तीस. ती दोन सेकंदांतच संपून जातील! मिनिटभर पुरायची तर साठ गुणिले सोळा, म्हणजे ९६० चित्रं हवीत. महिन्यात ९६० म्हणजे रोजची बत्तीस. दिवसाचे बारा तास धरले तर दर वीस-बावीस मिनिटांनी एक.

हिशेब मांडला आणि मी कागदाकडे पाहतच राहिलो. आमचा कॅमेरा आम्ही दर वीस मिनिटांनी एक चित्र घेईल असा लावला होता. दिवसाची बहात्तर, वीस दिवसांची १४४०. आजच्या चोवीसच्या वेगानं बरोबर एक मिनिट! फरक इतकाच, की आमचं बटण दाबायला यंत्र होतं. रात्री दोन वाजता ते आपलं आपण टिचकी मारत होतं आणि मी पांघरुणात होतो. फाळक्यांच्या कॅमेऱ्याला हँडल होतं आणि ते फिरवायला माणूस लागत होता. तो मिनिटभराचा चित्रपट रोज एकदा येऊन, कळ दाबून, दुसऱ्या कामाला निघून जाणाऱ्या माणसाचा असूच शकत नाही. आकडेच सांगतात, की कुणीतरी त्या कुंडीपाशी दिवसच्या दिवस बसून होतं.

आणि फोकस? त्या काळी मागं उजळणारा पडदा नव्हता. अनेक कॅमेऱ्यांत पाठीमागच्या नळीला डोळा लावून खुद्द फिल्मवर पडलेली अंधूक, उलटी प्रतिमा पाहून अंदाज घ्यावा लागे. काही चालक सरळ फीत घेऊन अंतर मोजत. चित्र बरोबर आलं की नाही, हे फिल्म रसायनात धुऊन काढल्यावरच कळणार. महिनाभर वाटाणा वाढवला आणि पहिल्याच दिवशी फोकस चुकला असेल, तर महिना वाया. ज्याची पॉलिसी गहाण पडली आहे, घरात खाणारी तोंडं आहेत आणि डोळे नुकते कुठे सावरले आहेत, अशा माणसाचा महिना!

फिल्म बाजारातून भोकं पाडलेली येत नसे. ते काम रात्री, अंधारात, हातानं करावं लागे. ते सरस्वतीबाई शिकल्या. फिल्म धुणं, रसायनं मिसळणं, हेही शिकल्या. दिवसभर स्वयंपाक आणि पोरं, रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्म. आमच्या घरी टेबलाला झाडू लागू नये एवढ्यासाठी केवढा गहजब झाला! त्या बाईंनी संसाराच्या धबडग्यात ती कुंडी महिनाभर कशी सांभाळली असेल, हे आमच्या सौ.नीच मला बोलून दाखवलं आणि मी निरुत्तर झालो.

तो चित्रपट निवडक मंडळींना दाखवण्यात आला. पडद्यावर मातीतून कोंब वर आला, पानं फुटली, वेल चढला, सारं मिनिटभरात. जादूगार केळफा प्रेक्षकांपासून काहीतरी लपवून त्यांना चकित करत असे. इथं रोज सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडणारी आणि तरीही कुणालाच न दिसणारी गोष्ट उघडी करून त्यानं त्यांना चकित केलं. यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे यांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली. सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले. हिंदुस्थानच्या चित्रपटसृष्टीचं भांडवल एका वाटाण्यानं मिळवलं, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

पुढचं बरंचसं आपल्याला माहीत असतं. दादरला ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडं नेसवलं. रोहिदासाचं काम फाळक्यांच्या मुलानं, भालचंद्रनं केलं. सगळ्या मंडळींचा स्वयंपाक सरस्वतीबाई एकट्या करत आणि ऊन नटाच्या तोंडावर परतवण्यासाठी तासन्‌तास पांढरी चादर धरून उभ्याही राहत. सहा महिने सत्तावीस दिवसांनी ३७०० फुटांचा चित्रपट तयार झाला. फुटाला सोळा चित्रं धरली तर एकोणसाठ हजारांहून अधिक! ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये तो लोकांसाठी लागला.

मग नाशिकला बिऱ्हाड हललं. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या स्त्रियाच पडद्यावर आल्या. १९१७ चं ‘लंकादहन’ तर लोकांनी डोक्यावर घेतलं. त्यात राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंकेच! १९१९ च्या ‘कालियामर्दन’मध्ये फाळक्यांची छोटी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. पण वाटाण्याच्या वेळी सापडलेली ती युक्ती फाळके विसरले नव्हते. ‘आगकाड्यांची मौज’ नावाच्या छोट्या चित्रपटात त्यांनी आगपेटीतल्या काड्यांना हालचाल दिली. काडी किंचित सरकवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा सरकवायची. तोच संयम, फक्त या खेपेला निसर्गाचं काम बोटांनी करायचं.

उतारवय मात्र सुखाचं गेलं नाही. भागीदारांशी मतभेद, कंपनीतून बाहेर पडणं, काशीला जाऊन राहणं, पुन्हा परतणं, असं चाललं. बोलपट आले आणि ज्यानं हा पडदा इथं उभारला, त्यालाच त्यावर जागा उरली नाही. १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी ‘गंगावतरण’ हा एक बोलपट त्यांनी केला. तोच अखेरचा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले, तेव्हा चित्रपटाच्या दुनियेला त्यांचा बराचसा विसर पडला होता. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला तो १९६९ मध्ये. आज नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे.

‘अंकुराची वाढ’ पाहिलेली माणसं केव्हाच काळाच्या पडद्याआड गेली. तो मिनिटभराचा खेळ मी काही पाहिलेला नाही. पण आमच्या वाटाण्याचा पाहिला. विसाव्या दिवशी संध्याकाळी नातीनं सगळी चित्रं जोडली आणि आम्ही भिंतीवर पांढरी चादर लावली. काही सेकंद नुसती माती. मग ती किंचित उचलली गेली, तडकली आणि मान खाली घातलेला, आकड्यासारखा वाकडा कोंब बाहेर आला. हळूच त्यानं मान वर केली, आणि अगदी जिथं आम्ही काडी खोचली होती, त्या जागी तो येऊन उभा राहिला. स्पष्ट! पुढे त्याचे ताणे आधार शोधत हवेत गोल गोल हात फिरवू लागले. वीस दिवस मी रोज त्याच्याकडे पाहत होतो. तो असा चाचपडतो आहे, हे मला एकदाही दिसलं नव्हतं.

नात टाळ्या वाजवत होती. सौ. चादरीकडे पाहत गप्प होत्या. मी उजवा डोळा झाकून पाहिलं, मग डावा झाकून पाहिलं. उजव्या डोळ्यासमोर वेल नव्हताच, नुसतं हिरवं धुकं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात फोन करून शस्त्रक्रियेची तारीख घेतली. त्या गोष्टीला आता काही महिने झाले. प्रदर्शन झालं, कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीत गेली, वेलाला मूठभर शेंगा आल्या आणि त्या आमटीत पडल्या. त्यातला एक दाणा मात्र वाळवून मी टेबलाच्या खणात ठेवला आहे. नव्या डोळ्यानं, पुढच्या खेपेला, फोकस मी स्वतः जुळवणार आहे.